अठ्ठावीस पराभवांनंतरचं डेट्रॉइट

26 डिसेंबर 2023. डेट्रॉइटच्या लिटल सीझर्स अरीनात पिस्टन्स या बास्केटबॉल संघाची ब्रुकलिन नेट्सशी लढत होती. पिस्टन्सचा 22 वर्षांचा केड कनिंगहॅम त्या रात्री जिवाच्या आकांतानं खेळला. त्यानं 41 गुण केले, त्यातले 37 मध्यंतरानंतर. तरीही सामना 118-112 असा गेला. तो सलग 27 वा पराभव होता आणि एका मोसमात ओळीनं इतके सामने एनबीए साखळीतल्या कुठल्याही संघानं त्याआधी गमावले नव्हते. मालक टॉम गोर्स यांना उद्देशून ‘संघ विकून टाका’ अशा घोषणा प्रेक्षकांतून उठत होत्या.

दोन दिवसांनी बॉस्टनमध्ये मध्यंतराला पिस्टन्स 19 गुणांनी पुढे होते. ती आघाडीही विरली, सामना जादा वेळेत गेला आणि 28 वा पराभव पदरी पडला. अखेर 30 डिसेंबरला टोरांटोवर 129-127 असा निसटता विजय मिळाला. 28 ऑक्टोबरनंतरचा तो पहिलाच. टोरांटोनं नेमका त्याच दिवशी आपला एक प्रमुख खेळाडू न्यूयॉर्कला देऊन टाकला होता, त्यामुळे त्यांची बाजू लंगडी पडली होती. पण दोन महिने विजयाचं तोंड न पाहिलेल्या डेट्रॉइटला त्याचं काय! मोसमाअखेर हिशेब झाला तो 14 विजय आणि 68 पराभव असा. संघाच्या इतिहासातली ही सर्वांत वाईट कामगिरी.

पुढच्याच मोसमात याच संघानं 44 सामने जिंकले आणि 38 गमावले. 82 सामन्यांच्या एका मोसमातून दुसऱ्या मोसमात विजयांची संख्या तिप्पट करून दाखवणारा एनबीएतला हा पहिला संघ ठरला. विशेष म्हणजे संघाचा गाभा बदलला नव्हता. कनिंगहॅम तोच, धिप्पाड जेलन ड्युरेन तोच, ऑसर थॉम्पसन, जेडन आयव्ही आणि आयझाया स्टुअर्टही तेच. मग बदललं काय?

याचं उत्तर शोधण्याआधी एनबीएत संघाची नव्यानं बांधणी कशी होते ते पाहायला हवं. युरोपातल्या फुटबॉलमध्ये तळाचा संघ खालच्या साखळीत ढकलला जातो. एनबीएत तसं नाही. तीस संघ, तीसच्या तीस कायम. आयपीएलसारखा लिलावही नाही. दरवर्षी जूनमध्ये ‘ड्राफ्ट’ होतो. कॉलेजांतून, परदेशातून आलेल्या नव्या खेळाडूंना संघ ठरलेल्या क्रमानं निवडतात आणि क्रमात वर असायला आदल्या मोसमात खाली असावं लागतं. दुबळ्यांना हात मिळावा हा हेतू चांगलाच आहे. पण त्यातून एक आडवाट निघाली: प्लेऑफला, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांना, जाता येणार नसेल तर अर्धवट जिंकण्यापेक्षा भरपूर हरा, म्हणजे पुढचा मोठा तारा तुमच्या वाट्याला येईल.

ही वाट फिलाडेल्फियानं उघडउघड धरली. 2013 मध्ये सॅम हिंकी यांच्या हाती संघाचा कारभार आला आणि त्यांनी जिंकून देणारे खेळाडू इतरांना देऊन भविष्यातल्या निवडीचे हक्क गोळा केले. 19 विजय, मग 18, मग 2015-16 मध्ये फक्त 10. त्या हालअपेष्टांतून जोएल एम्बीड मिळाला, बेन सिमन्स मिळाला, मार्केल फुल्ट्झ मिळाला. एम्बीड पुढे साखळीतला सर्वोत्तम खेळाडूही ठरला. मात्र प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीपलीकडे त्या संघाला काही जाता आलं नाही.

मुद्दाम हरण्याला आळा बसावा म्हणून एनबीएनं 2019 पासून ड्राफ्टच्या लॉटरीचे नियम बदलले. प्लेऑफबाहेर राहिलेल्या 14 संघांमध्ये पहिल्या चार क्रमांकांसाठी सोडत होते. यंत्रात 14 चेंडू टाकतात, त्यातले चार निघतात. अशा जुळण्या 1001 होतात. एक बाद करून उरलेल्या हजार जुळण्या संघांना वाटून दिलेल्या असतात. पूर्वी सर्वांत तळाच्या संघाला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता 25 टक्के होती. आता शेवटच्या तिन्ही संघांना सारखीच, 14 टक्के. उलट सर्वांत तळाचा संघ थेट पाचव्या क्रमांकावर घसरण्याची शक्यता 47.9 टक्के आहे, म्हणजे जवळपास निम्मी.

डेट्रॉइटनं हा निम्मा भाग दोनदा भोगला. 2022-23 मध्ये 17 विजयांसह संघ सर्वांच्या तळाशी होता. त्या वर्षी ड्राफ्टमध्ये व्हिक्टर वेम्बान्यामा होता, सव्वासात फुटांहून उंच असलेला आणि तरीही छोट्या चणीच्या खेळाडूसारखा चेंडू हाताळणारा फ्रेंच मुलगा. तो सॅन अँटोनियोला मिळाला, डेट्रॉइट पाचव्यावर गेलं. 14 विजयांच्या मोसमानंतर पुन्हा तेच. पहिला क्रमांक अटलांटाला मिळाला, ज्यांची शक्यता होती फक्त 3 टक्के. डेट्रॉइट पुन्हा पाचवं.

पाचव्या क्रमांकावर हाती आले ते आधी थॉम्पसन आणि नंतर रॉन हॉलंड. दोघेही चिवट, दोघेही बचावात जीव ओतणारे. तरी दोन मोसमांतल्या 133 पराभवांच्या बदल्यात मिळालेलं हे दान पाहून डेट्रॉइटच्या चाहत्यांनी कपाळावर हात मारला असेल तर त्यांना दोष देता येणार नाही.

खरं तर लॉटरीवर विसंबून राहू नये हे डेट्रॉइटइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असायला हवं होतं? हा संघ मूळचा इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनचा. फ्रेड झोलनर यांच्या कारखान्यात मोटारींच्या इंजिनांचे पिस्टन बनत, त्या कारखान्याचा हा संघ. 1957 मध्ये तो मोटारींच्या राजधानीत आला. 1989 आणि 1990 मध्ये आयझाया थॉमस, जो ड्यूमार्स, बिल लँबीअर यांच्या दांडगट संघानं लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवली. आणि 2004 मध्ये तर चमत्कारच झाला.

त्या 2004 च्या संघात ज्याच्या नावानं तिकिटं खपावीत असा एकही महानायक नव्हता. बेन वॉलेसला ड्राफ्टमध्ये कुणी निवडलंच नव्हतं. चॉन्सी बिलअप्स संघामागून संघ बदलत डेट्रॉइटला पोहोचला होता. रशीद वॉलेस मोसमाच्या मध्यावर आला. या मंडळींनी शॅकिल ओनील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन आणि गॅरी पेटन यांच्या लेकर्सना अंतिम मालिकेत 4-1 असं लोळवलं. आदल्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये मात्र डेट्रॉइटकडे दुसरा क्रमांक होता. त्यावर त्यांनी डार्को मिलिचिच घेतला आणि कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश, ड्वेन वेड मागच्यांसाठी सोडले. म्हणजे ज्या संघाची सर्वांत मोठी निवड फसली, तोच संघ इतरांनी नाकारलेल्या माणसांच्या जोरावर अजिंक्य झाला. संघबांधणीत माणसं एकमेकांना पूरक असणं किती महत्त्वाचं, याचं यापेक्षा बोलकं उदाहरण एनबीएत क्वचितच सापडेल.

2008 पर्यंत पिस्टन्स सलग सहा वर्षं पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेत खेळत होते. मग त्यांनी बिलअप्सला देऊन अॅलन आयव्हर्सनला आणलं आणि घडी विसकटली. पुढच्या पंधरा वर्षांतली बहुतेक पावलं घाईची होती. त्यातलं एक तर आठवलं की आजही हळहळ वाटते. जानेवारी 2018 मध्ये प्लेऑफ गाठण्याच्या ईर्षेनं डेट्रॉइटनं लॉस एंजेलिस क्लिपर्सकडून ब्लेक ग्रिफिन घेतला. बदल्यात टोबायस हॅरिस, आणखी काही खेळाडू आणि ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या निवडीचा हक्क दिला. ग्रिफिनच्या गुडघ्यांनी दगा दिला. 2019 मध्ये एकदा प्लेऑफ गाठलं, मिलवॉकीनं चारही सामने जिंकले, खेळ खलास. आणि तो हक्क? तो 2018 च्या ड्राफ्टमध्ये बारावा क्रमांक ठरला. क्लिपर्सनी त्यावर घेतलेला खेळाडू शार्लटला देऊन अकराव्या क्रमांकाचा शे गिल्जस-अलेक्झांडर मिळवला. पुढे शे ओक्लाहोमा सिटीला गेला आणि 2025 मध्ये साखळीतला सर्वोत्तम खेळाडू ठरून त्यानं त्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिलं.

2020 मध्ये ट्रॉय वीव्हर महाव्यवस्थापक झाले आणि डेट्रॉइटनं पाटी पुसून सुरुवात केली. चार मोसमांत 74 विजय, 244 पराभव. वीव्हर यांचा कालखंड सरसकट वाया गेला असं म्हणणं अन्यायाचं ठरेल, कारण पुढे ज्यांनी संघ उभा केला ती जवळजवळ सगळी पोरं त्यांनीच आणली. 2020 मध्ये स्टुअर्ट, 2021 मध्ये पहिल्या क्रमांकावर कनिंगहॅम, 2022 मध्ये आयव्ही आणि ड्युरेन, 2023 मध्ये थॉम्पसन. काही निवडी चुकल्याही. 2020 मध्ये सातव्या क्रमांकावर किलियन हेज घेतला, तेव्हा टायरीस हॅलिबर्टन शिल्लक होता. हेजला डेट्रॉइटनं 2024 मध्ये सोडून दिलं. हॅलिबर्टननं 2025 मध्ये इंडियानाला अंतिम मालिकेपर्यंत नेलं.

पण खरी उणीव निवडीत नव्हती. विशी-बाविशीची पाच-सहा मुलं एकत्र आणून ठेवली आणि त्यांना वाट दाखवणारं मैदानावर जवळजवळ कुणी नव्हतं. 2023 मध्ये माँटी विल्यम्स यांना प्रशिक्षक म्हणून आणलं ते सहा वर्षांसाठी तब्बल 7 कोटी 85 लाख डॉलर देऊन. प्रशिक्षकाला तोवर इतकी रक्कम कुणी दिली नव्हती. विल्यम्स यांनी आयव्हीला बाकावर बसवून हेजला खेळवलं, पाचही राखीव खेळाडू एकदम मैदानात उतरवले आणि संघाला लय म्हणून सापडली नाही. एका मोसमात त्यांची गच्छंती झाली. वीव्हरही गेले.

2024 च्या उन्हाळ्यात कारभार ट्रेजन लँगडन यांच्याकडे आला. अलास्कात वाढलेला हा माणूस एनबीएत फार काळ टिकला नव्हता, पण मॉस्कोच्या सीएसकेए संघाकडून खेळताना त्यानं युरोलीग दोनदा जिंकली होती. त्यांनी प्रशिक्षक म्हणून जे. बी. बिकरस्टाफ यांना आणलं. क्लीव्हलँडला 48 विजय मिळवून देऊनही बिकरस्टाफ यांची नोकरी नुकतीच गेली होती. मग लँगडन यांनी जे केलं ते पाहून कुणाचेही डोळे दिपले नसते. 32 वर्षांचा टोबायस हॅरिस, हो, ग्रिफिनच्या व्यवहारात दिलेला तोच, दोन वर्षांसाठी परत आणला. टिम हार्डवे ज्युनियर डॅलसकडून घेतला आणि वर ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीतले तीन हक्कही पदरात पाडून घेतले. मलिक बीझली एका वर्षासाठी फक्त 60 लाख डॉलरला मिळाला. तिघेही अनुभवी, तिघेही लांबून नेम साधणारे.

या तिघांनी काय केलं ते समजायला मैदानातली एक साधी चाल बघावी. चेंडू कनिंगहॅमकडे आहे. ड्युरेन पुढे येऊन त्याच्या रखवालदाराची वाट अडवतो आणि लगेच वळून बास्केटकडे धावतो. आता बचाव करणाऱ्यांपुढे पेच उभा राहतो. केडला रोखावं तर ड्युरेन मोकळा, ड्युरेनला रोखावं तर केड मोकळा. आदल्या मोसमात प्रतिस्पर्ध्यांना हा पेच पडतच नसे. कोपऱ्यात उभ्या असलेल्या डेट्रॉइटच्या खेळाडूंना लांबून नेम जमत नव्हता, म्हणून त्यांचे रखवालदार त्यांना सोडून खुशाल आत येत आणि बास्केटसमोर गर्दी करत. केड त्या गर्दीत अडकायचा. 2024-25 मध्ये कोपऱ्यात बीझली उभा राहिला. त्याला हातभर जागा दिली की तीन गुण गेलेच. त्यानं त्या मोसमात तीन गुणांच्या 319 बास्केट केल्या, संघाचा जुना विक्रम कुठल्या कुठे मागे टाकला. रखवालदार त्याला सोडून हलू शकेनात, आत वाट मोकळी झाली आणि केडनं सामन्यामागे सरासरी 26.1 गुण आणि 9.1 असिस्ट (सहकाऱ्याला बास्केट करून देणारे पास) अशी मजल मारली.

बचावाकडेही तितकंच लक्ष दिलं गेलं. थॉम्पसनला मार्च 2024 मध्ये रक्ताच्या गुठळीमुळे खेळ थांबवावा लागला होता; तो नोव्हेंबरमध्ये परतला आणि समोरच्या संघातल्या सर्वांत धोकादायक खेळाडूच्या मागे सावलीसारखा राहू लागला. 1 जानेवारी 2025 ला आयव्हीचा पाय मोडला. पूर्वी अशा एका दुखापतीनं संघ कोलमडला असता. या वेळी फेब्रुवारीत डेनिस श्रोडर आला आणि गाडी चालत राहिली.

एप्रिल 2025 मध्ये प्लेऑफच्या पहिल्या फेरीत गाठ न्यूयॉर्क निक्सशी पडली. पहिल्या सामन्यात चौथ्या सत्रात आघाडीवर असताना डेट्रॉइटनं ओळीनं 21 गुण दिले आणि सामना हातचा घालवला. प्लेऑफमधला तो सलग 15 वा पराभव, हाही एक विक्रमच. दुसऱ्या लढतीत केडनं 33 गुण केले, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पिस्टन्सनी 100-94 असा विजय मिळवला आणि 2008 पासून चिकटलेला डाग धुतला गेला. चौथा सामना डेट्रॉइटमध्ये, एका गुणाची पिछाडी, शेवटचे क्षण. हार्डवेनं कोपऱ्यातून चेंडू फेकला तेव्हा न्यूयॉर्कचा जॉश हार्ट त्याच्या अंगावर आला होता. शिट्टी वाजली नाही. तो फाउल द्यायला हवा होता, हे मुख्य पंचांनी सामन्यानंतर मान्य केलं. निकाल 93-94 असाच राहिला. पाचवी लढत पुन्हा डेट्रॉइटनं मारली. सहाव्या सामन्यात गुण 113-113 असे बरोबरीत असताना न्यूयॉर्कच्या जेलन ब्रन्सननं थॉम्पसनला एका झटक्यात चकवलं आणि 4.3 सेकंद उरली असताना तीन गुणांची बास्केट टाकली. मालिका 4-2 अशी संपली. घरच्या मैदानावरच्या तिन्ही लढती गेल्या, तिन्ही मिळून अंतर सहा गुणांचं.

या शहराला पडझड नवीन नाही. 1950 मध्ये डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती, 2020 मध्ये साडेसहा लाखांच्याही खाली आली. 2013 मध्ये महापालिकेनं दिवाळं जाहीर केलं. 1988 पासून बंद पडलेलं, भग्नावस्थेचं प्रतीक बनलेलं मिशिगन सेंट्रल स्टेशन फोर्ड कंपनीनं विकत घेऊन दुरुस्त केलं आणि जून 2024 मध्ये लोकांसाठी उघडलं. त्याच वर्षी जनगणना खात्यानं सांगितलं की 1957 नंतर पहिल्यांदाच शहराची लोकसंख्या किंचित का होईना वाढली. पिस्टन्सही बरीच वर्षं शहराबाहेर ऑबर्न हिल्सला खेळत होते, 2017 मध्ये ते पुन्हा भर शहरात आले. नोव्हाय, ट्रॉय, कँटन या उपनगरांत पुण्या-पिंपरीच्या वाहनउद्योगातून गेलेली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. तिथं वाढलेल्या मराठी मुलांना या संघाचा पराभवच तेवढा ठाऊक होता. आता त्यांना गर्वानं अंगावर घालावी अशी जर्सी मिळाली आहे.

पुढचं गणित पैशाचं आहे, आणि ते अवघड आहे. ड्राफ्टमधून आलेला खेळाडू पहिली चार वर्षं ठरलेल्या, तुलनेनं कमी मानधनावर खेळतो. स्वस्तातली गुणी मुलं आणि उरलेल्या पैशात घेतलेले अनुभवी खेळाडू, यावरच 2024-25 ची सगळी मांडणी उभी होती. ती मुदत संपत आली आहे. केडचा नवा करार पाच वर्षांचा. मोसमातल्या सर्वोत्तम पंधरा खेळाडूंत निवड झाल्यानं त्याची रक्कम 26 कोटी 90 लाख डॉलरपर्यंत वाढली. 2025-26 साठी एका संघाच्या एकूण मानधनाची मर्यादा साधारण 15 कोटी 46 लाख डॉलर होती. आपल्याच खेळाडूंना राखण्यासाठी ती ओलांडता येते, पण 2023 च्या नव्या नियमांनी फार पुढे गेलेल्या संघांचे हातपाय बांधले आहेत: जादा कर तर आहेच, शिवाय अदलाबदलीच्या वाटाही बंद होत जातात.

म्हणूनच 2025 च्या उन्हाळ्यात लँगडन यांनी काय केलं नाही, ते अधिक लक्षात घेण्यासारखं आहे. बीझली, हार्डवे, श्रोडर तिघेही गेले, तरी त्यांनी निवडीचे हक्क उधळून एखादा मोठा तारा आणला नाही. डंकन रॉबिन्सन आणि कॅरिस लव्हर्ट आणले. दोघेही मिशिगन विद्यापीठाकडून खेळलेले. पहिला लांबून नेम साधणारा, दुसरा चेंडू घेऊन वाट काढणारा. जुन्याच धोरणाची ही पुढची पायरी, आणि माझ्या मते ती अगदी रास्त.

त्याचं फळ लवकर दिसलं. नोव्हेंबर 2025 मध्ये पिस्टन्सनी सलग 13 सामने जिंकून संघाच्या जुन्या विक्रमाशी बरोबरी केली. त्यातला वॉशिंग्टनविरुद्धचा सामना मोठा झकास झाला. केडनं 46 गुण, 12 रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) आणि 11 असिस्ट केले, पण हरता सामना वाचवला तो डॅनिस जेनकिन्सनं. ड्राफ्टमध्ये कुणीही न निवडलेल्या या मुलाकडे संघाचा पूर्ण करारही नव्हता. वेळ संपता संपता त्यानं तीन गुणांची बास्केट टाकून बरोबरी साधली आणि जादा वेळेत डेट्रॉइटनं 137-135 अशी बाजी मारली.

ड्युरेननं त्या मोसमाची सुरुवात कारकिर्दीतल्या सर्वोत्तम खेळानं केली, मात्र त्याच्याशी नवा करार ऑक्टोबरची मुदत उलटेपर्यंत झाला नव्हता. 2026 च्या उन्हाळ्यात दुसरा संघ त्याला बोली लावू शकतो आणि डेट्रॉइटला तितकीच रक्कम देऊन त्याला राखता येतं. तो जितका चांगला खेळेल तितका महाग होईल. त्याच्यामागोमाग थॉम्पसनची पाळी आहे, मग हॉलंडची. तिघांना ठेवायचं तर कोपऱ्यात उभा राहून नेम साधणाऱ्या पुढच्या अनुभवी खेळाडूसाठी किती पैसे उरतील, हे लँगडन यांना आत्तापासून मांडून पाहावं लागतंय.